सारिमसाकोव्ह कोण होते? प्रबंधात रोज भेटतात, पण ओळख नाही

अर्धवट_प्रबंध

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, इलेक्ट्रिकलमध्ये पीएचडी करून राहिले. चौथं वर्ष. कधी संपणार हे कृपा करून विचारू नका, ते विचारायला घरी चार जण आहेत.

विषय थोडक्यात असा. मैदानात दहा-बारा सेन्सर पसरलेत, प्रत्येकाला फक्त जवळच्या दोघातिघांचं ऐकू येतं, तरी सगळे मिळून एका आकड्यावर येतात का, आणि किती वेळात? यावरचे पेपर चाळायला घेतले की 'सारिमसाकोव्ह मॅट्रिक्स' हटकून भेटतं. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा तक्ता, आणि एक ठराविक अट पाळली तर त्याला हे नाव. व्याख्या मला तोंडपाठ आहे. नुसती तोंडपाठ आहे, हीच पंचाईत.

गेल्या आठवड्यात प्रगती अहवालाचं सादरीकरण होतं. समितीतल्या एका सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं नि विचारलं, "हे सारिमसाकोव्ह कोण?" मी ठोकून दिलं, "रशियन गणिती." सर म्हणाले, "नक्की?" आणि पुढची स्लाइड घ्या म्हणाले. ते 'नक्की' अजून कानातून गेलेलं नाही. घरी येऊन शोधलं तर जागोजागी स्पेलिंग वेगळं, आणि माणूस उझबेक निघाला.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे गृहस्थ कोण, आयुष्यात काय केलं त्यांनी? आणि मॅट्रिक्सला त्यांचं नाव मिळायला जी अट लागते, ती मुळात म्हणते काय? साध्या मराठीत सांगणारं कोणी आहे का इथे?

---

तर्री_जास्त

उझबेकिस्तान म्हटलं की ताश्कंद, ताश्कंद म्हटलं की शास्त्रीजी. त्यापुढे आपली पाटी कोरी. मी पण खुर्ची ओढून बसलो, सांगा कोणीतरी.

---

पेन्शनर_धरमपेठ

बेटा, 'रशियन' म्हणालीस त्याचं एवढं मनावर घेऊ नको. मीही सुरुवातीची काही वर्षं वर्गात तेच म्हणायचो. रशियन भाषेत लिहिलं म्हणून माणूस रशियन, असा आपला सरळ हिशोब.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आता वय शहात्तर. मोबाइलवर एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाकडे बघू नका. तुझा प्रश्न काल रात्री वाचला नि सकाळी अंबाझरीला फिरायला जायच्याऐवजी माळ्यावर चढलो. सौ. खाली उभी राहून शिडी धरून बडबडत होती. पेटीत ते सापडलं: सारिमसाकोव्ह यांच्या १९६१च्या लेखाची झेरॉक्स. 'थिअरी ऑफ प्रॉबॅबिलिटी अँड इट्स ॲप्लिकेशन्स' या नियतकालिकाचा सहावा खंड, पानं १७८ ते १८५. आठ पानं, बस्स. १९७७मध्ये दिल्लीच्या इन्सडॉकला, म्हणजे शास्त्रीय लेख मिळवून देणाऱ्या सरकारी केंद्राला, पत्र टाकून मागवली होती. तेव्हा परदेशी लेख हवा असला की हाच रस्ता. पत्र टाका, पैसे भरा, विसरून जा, मग एक दिवस तपकिरी पाकीट येतं. एका पानाचा उजवा कोपरा काळा आलेला आहे आणि नेमकं तिथंच सिद्धतेतलं एक वाक्य आहे. ते वाक्य काय असेल याचा विचार करण्यात माझा एक उन्हाळा गेला. नागपूरचा उन्हाळा, कूलरसमोर. तेवढंच गणित मी आयुष्यात खऱ्या अर्थाने केलं असं म्हणायला हरकत नाही.

आता माणूस.

पूर्ण नाव ताशमुहम्मद अलीयेविच सारिमसाकोव्ह. जन्म सप्टेंबर १९१५, फरगाना खोऱ्यातलं शहरीखान. अंदिजानच्या मुलखातलं हे गाव. बाबर जन्मला ते हेच अंदिजान, म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातून आपल्याला तो भाग तसा अगदीच अनोळखी नाही. कापसाचा मुलूख. आपल्या विदर्भातल्या माणसाला कापूस म्हटल्यावर आणखी काही सांगायला नको.

तो शिकला ताश्कंदला, मध्य आशियाई राज्य विद्यापीठात. या विद्यापीठाची गोष्ट मला फार आवडते. क्रांतीनंतरच्या यादवीत, देशात खायला नाही अशा काळात, १९२०मध्ये मॉस्कोहून प्राध्यापक, पुस्तकं आणि उपकरणं घेऊन आगगाड्या ताश्कंदला आल्या. १९२३मध्ये त्याचं नाव बदलून मध्य आशियाई विद्यापीठ झालं. आपलं नागपूर विद्यापीठही १९२३चंच! मी दर वर्षी पहिल्या तासाला हा योगायोग सांगायचो आणि दर वर्षी पोरं माझ्याकडे 'मग काय करू' अशा नजरेने बघायची.

तर या ताश्कंदात एक जबरदस्त माणूस बसला होता. व्सेवोलोद इवानोविच रोमानोव्स्की. जन्म १८७९चा. पीटर्सबर्गला शिकलेला, आणि शिकलेला कोणाकडे? खुद्द आंद्रेई मार्कोव्हकडे. हो, तोच मार्कोव्ह, ज्याच्या साखळ्या तू रोज वापरतेस. साखळी म्हणजे, उद्या काय होईल याची शक्यता फक्त आजच्या स्थितीवरून ठरते असा हिशोब. पुश्किनच्या काव्यातली २०,००० अक्षरं मोजून, स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं नि स्वर किती वेळा येतो, असा हिशोब १९१३मध्ये मांडणारा. त्यात ८,६३८ स्वर निघाले. हाताने मोजलेत बेटा, हाताने. त्याचा हा शिष्य ताश्कंदला आला आणि १९५४मध्ये जाईपर्यंत तिथलाच झाला. संभाव्यता आणि संख्याशास्त्राची अख्खी शाळा त्याने उभी केली. आज ताश्कंदच्या गणित संस्थेला त्याचंच नाव आहे. सारिमसाकोव्ह हे या रोमानोव्स्कींचे विद्यार्थी. म्हणजे तू ज्यांची मॅट्रिक्स वापरतेस ते मार्कोव्हचे नातू झाले, गणिताच्या नात्याने. पुढच्या वेळी समितीत हे सांग आणि सरांचा चेहरा बघ.

१९३६मध्ये पदवी. १९४२मध्ये, युद्ध पेटलेलं असताना, डॉक्टर ऑफ सायन्स. वय सत्तावीस. १९४३च्या नोव्हेंबरात उझबेक विज्ञान अकादमी सुरू झाली, तिच्या पहिल्या सभासदांत हे. थोड्याच वर्षांत अकादमीचे अध्यक्ष, ते १९५२पर्यंत. मध्ये १९४८मध्ये स्टालिन पारितोषिक मिळालं, आणि ते शुद्ध गणिताला नाही, हवामानाच्या कामाला. मध्य आशियावरून ढगांचे, थंडीचे लोट कसे सरकतात याचा अभ्यास. संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे वाचून बरं वाटतं, का ते विचारू नको.

शिवाय तीनदा विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे आपल्याकडचे कुलगुरू. पहिल्यांदा युद्धकाळात थोडे दिवस, मग १९५२ ते ५८, मग १९७१ ते ८३. मधल्या काळात प्रजासत्ताकाच्या उच्च शिक्षण खात्याचे मंत्री. १९५४मध्ये मॉस्कोहून मार्कोव्ह प्रक्रियांवरचं पुस्तक निघालं, तेव्हा ते रेक्टरच्या खुर्चीत. सोविएत संघ मोडायच्या एक वर्ष आधी, १९९०मध्ये, 'समाजवादी श्रमवीर' हा किताब. डिसेंबर १९९५मध्ये ताश्कंदला वारले. म्हणजे जन्म झारच्या राज्यात, नोकरी सोविएतमध्ये, मृत्यू स्वतंत्र उझबेकिस्तानात. ताश्कंद सोडून कायमचे कुठे गेले नाहीत, देशच दोनदा बदलला.

दुसऱ्या प्रश्नाचं दुपारी लिहितो. बोट दुखायला लागलं.

---

समरकंदवाली_आई

काका, छान लिहिलंत. माझा मुलगा समरकंदला एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हा धागा त्याला पाठवला. त्याचं गणित म्हणजे बारावीलाच रामराम, पण त्याने घरमालकीणबाईंना नाव वाचून दाखवलं. त्या हसायला लागल्या म्हणे. 'सारिमसोक' म्हणजे तिकडे लसूण! रागावल्या नाहीत हं, नाव तिकडे चालतं तसं, आणि त्याला शेपूट लागून सारिमसोकोव्ह. उझबेक लोक असं लिहितात, रशियनमधून आलं की सारिमसाकोव्ह होतं. म्हणून तुम्हाला शोधताना स्पेलिंगं वेगळी दिसली असणार.

त्या बाई ओश करतात, म्हणजे त्यांचा पुलाव. गाजर, मांस, तांदूळ आणि वर अख्खे लसणाचे गड्डे, न सोलता, तसेच खोचून ठेवलेले. शिजले की मऊ लोण्यासारखे होतात. लेक आता सुट्टीत आला की सावजी मटणाच्या भातात अख्खा लसूण टाक म्हणतो. सासूबाई म्हणतात, पोराला काय झालं बाप्पा.

---

पेन्शनर_धरमपेठ

ताई, सत्तेचाळीस वर्षं हे नाव माझ्या पेटीत पडून आहे आणि ते लसूण निघालं! आता यात माझी भर. 'तोश' म्हणजे दगड. ताश्कंद म्हणजे दगडाचं शहर. म्हणजे तोशमुहम्मद हे आपल्याकडच्या धोंडोपंतांचं नि दगडूचंच भाऊबंद. दगड लसणे. असं नाव आपल्या हजेरीपटावर असतं तर पोरांनी जगू दिलं नसतं.

---

भाबडा_नाही

पेन्शनर सर, आदर ठेवून विचारतो. अकादमीचे अध्यक्ष, मंत्री, तीनदा रेक्टर, आणि वर संशोधनसुद्धा? आपल्याकडे विभागप्रमुख झाला की माणसाचं वाचन बंद होतं. खरं काम ज्युनियर लोकांनी केलं आणि वर साहेबांचं नाव, असं तर नाही ना? जिथं वरच्याला नाही म्हणता येत नाही, तिथं पेपर कोणी लिहिला हे कोणाला कळणार?

---

पेन्शनर_धरमपेठ

भाऊ, शंका रास्त आहे. माझ्याही मनात आली होती, आणि तशी प्रकरणं आपण इथंच नागपुरात पाहिलीत. कोणाची ते जाऊ द्या.

पण या माणसापुरतं मला जे दिसतं ते सांगतो. १९६१चा तो आठ पानी लेख एकट्याच्या नावावर आहे. मंत्र्याला हाताखालच्याचं नाव गाळणं सोपं, हे तुमचं म्हणणं मान्य. पण लेख एकटा उभा नाही. त्याच्या आधी, १९५७मध्ये, याच प्रश्नावरचा लेख आहे, आणि त्यावर मुस्ताफिन या सहकाऱ्याचं नाव बरोबर छापलेलं आहे. जिथं दुसऱ्याचा हात होता तिथं नाव आहे. आणि रोमानोव्स्कींकडून घेतलेला मार्कोव्ह साखळ्यांचा धागा तीसपासून साठपर्यंत सलग दिसतो. उसनं काम असं तीस वर्षं एका रेषेत चालत नाही. निदान मला तसं वाटतं.

दुसरं मोठं काम मात्र तिघांचं आहे आणि तिघांच्या नावावर आहे: सारिमसाकोव्ह, अंतोनोव्स्की, बोल्त्यान्स्की. साठच्या सुमाराची ही गोष्ट, विषय टोपोलॉजिकल सेमीफील्ड. घाबरू नका. धरमपेठ ते बर्डी किती लांब? एक आकडा सांगितलात तर खोटं बोललात. सकाळी सहाला वेगळं, संध्याकाळी सातला वेगळं, पायी वेगळं, ऑटोने वेगळं. मग अंतर म्हणून एक आकडा न देता आकड्यांची अख्खी जुडी दिली तर? त्यांनी तेच केलं, अर्थात नीट नियम बांधून. साध्या आकड्यांनी ज्या जागांमध्ये अंतर मोजताच येत नव्हतं, अशा पुष्कळ जागा मग मोजता येऊ लागल्या. हे मला सुंदर वाटतं. पण आज त्यांचं नाव परदेशात निघतं ते यामुळे नाही, तर आठ पानांच्या त्या लेखामुळे. सिडनीच्या सेनेटा या गणितज्ञाच्या लिखाणातून तो इंग्रजी वाचणाऱ्यांच्या नजरेत राहिला आणि मग तुमच्या सेन्सरवाल्यांना एकदम उपयोगी पडला. लिहिताना सारिमसाकोव्ह पंचेचाळीस वर्षांचे होते आणि उच्च शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे होता. फायलींच्या ढिगात बसून आठ पानं. मला तर परीक्षेचे पेपर तपासायच्या दिवसांत पत्रसुद्धा लिहिता येत नसे.

निघालंच आहे तर माझंही रडगाणं ऐका. सप्टेंबर १९८६मध्ये बर्नोली सोसायटीची पहिली जागतिक परिषद ताश्कंदला झाली. जगभरचे संभाव्यतावाले ताश्कंदात! त्या वेळी तिथले रेक्टर होते सिराझदिनोव्ह, कोकंदचे, तेही रोमानोव्स्कींच्या हाताखाली तयार झालेले. मी अडतीस वर्षांचा. अर्धं पान सारांश पाठवला, तो स्वीकारल्याचं पत्र आलं. ते पत्र मी खिशात घालून आठवडाभर फिरलो. पासपोर्ट काढला. दिल्लीहून ताश्कंद म्हणजे मुंबई-कोलकात्यापेक्षा फार लांब नाही, हे नकाशावर फूटपट्टी ठेवून घरच्यांना दाखवलं. आणि रजेचा अर्ज परत आला. मागच्या बाजूला निळ्या शाईत तीन शब्द: 'पुरवणी परीक्षा आहेत.' कॉलेजचं नाव घेत नाही, ज्यांनी लिहिलं ते आता नाहीत, आणि परीक्षा खरोखरच होत्या. त्या दिवशी मी पर्यवेक्षक म्हणून उभा होतो, वर्गात एकूण अकरा पोरं. सारिमसाकोव्ह तेव्हा ७१ वर्षांचे, तिथेच ताश्कंदात. भेट झाली असती तर त्या काळ्या कोपऱ्यातलं वाक्य विचारणार होतो.

तो पासपोर्ट कोराच संपला.

---

तर्री_जास्त

अकरा पोरं. अरारा.

---

अर्धवट_प्रबंध

सर, काय बोलू कळत नाही. तो काळा कोपरा असलेलं पान माझ्याकडे असेल! आमच्या लायब्ररीतून त्या नियतकालिकाचे जुने अंक ऑनलाइन उघडतात. आज रात्री काढून बघते, तुमच्या प्रतीतला पान नंबर सांगा.

आणि हो, दुसरा प्रश्न बाकी आहे हं.

---

पेन्शनर_धरमपेठ

पान १८१, वरून सातवी-आठवी ओळ. घाई नाही. सत्तेचाळीस वर्षं थांबलोय, अजून दोन दिवस थांबतो.

आता अट. सेन्सर सोड, कळमन्याला चल. संत्र्याचा लिलाव, आंबिया बहार, पहाटेची वेळ, गाड्या लागलेल्या. तीन माणसं धर.

एक नंबर म्हणजे जुना अडत्या. गादीवर बसलेला. तो फक्त स्वतःचं ऐकतो.

तीन नंबर त्याचा शेजारी. हा निम्मं स्वतःचं, निम्मं अडत्याचं ऐकतो.

दोन नंबर काटोलहून माल घेऊन आलेला. हा निम्मं स्वतःचं, निम्मं तीन नंबरचं ऐकतो. अडत्यापर्यंत याची पोच नाही.

प्रत्येकाच्या मनात टनाचा एक भाव आहे, आणि रोज प्रत्येक जण ज्यांचं ऐकतो त्यांची सरासरी काढून आपला भाव बदलतो. कोण कोणाचं किती ऐकतं याचा तक्ता म्हणजे तुझं मॅट्रिक्स. एक ओळ म्हणजे एक माणूस, ओळीतल्या वजनांची बेरीज एक.

आता साधी अट, स्क्रॅम्बलिंगवाली, जी हाइनाल यांनी १९५८मध्ये मांडली: कोणतेही दोन जण घ्या, दोघांच्या कानात निदान एक समाईक आवाज हवा. आपल्या बाजारात ती मोडते. अडत्या ऐकतो एकाला, म्हणजे स्वतःला. काटोलवाला ऐकतो दोन आणि तीन नंबरला. समाईक कोणीच नाही. म्हणजे ही कसोटी म्हणते, हा बाजार मी पास करत नाही.

सारिमसाकोव्ह म्हणतात, थांबा. समाईक नसेल तर हरकत नाही, पण मग माणसं मोजा. दोन वेगळे गट घ्या, एकही माणूस दोन्हीकडे नको. दोन्ही गट ज्यांचं ऐकतात त्या मंडळींत कोणी समाईक निघालं तर ठीक. नाही निघालं, तर ज्यांचं ऐकलं जातंय अशांची एकूण संख्या त्या दोन गटांतल्या माणसांपेक्षा जास्त हवी. बस्स, एवढीच अट. आपल्या जोडीत गटांतली माणसं दोन: अडत्या आणि काटोलवाला. ऐकली जाणारी माणसं तीन. तीन दोनपेक्षा जास्त, पास. बाकीच्या जोड्या तू तपास, सगळीकडे समाईक माणूस सापडतो.

ही मोजणी कशाला? कारण समाईक कोणी नसलं तरी कान पसरत चाललेत. आज दोघांनी मिळून तीन जणांचं ऐकलं, उद्या त्या तिघांनी ज्यांचं ऐकलं ते त्यांच्यापर्यंत येणार. माणसं मोजकीच असताना कान पसरतच राहिले तर कधीतरी एकमेकांना भिडणारच. पळायला जागा उरत नाही. तीन माणसं असतील तर दोन दिवस पुरतात, दहा असतील तर नऊ. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रोजचा तक्ता वेगळा असला तरी चालतं, फक्त रोजच्या तक्त्याने ही अट पाळलेली हवी. आज काटोलवाला आलाच नाही, उद्या नरखेडचा आला, कोणाचा फोन बंद, कोणाचं भांडण झालेलं. म्हणून लेखाच्या नावात 'एकविध नसलेल्या' साखळ्या आहेत. एकच तक्ता रोज फिरवायचा असता तर जुन्या लोकांनी ते कधीच सोडवलं होतं.

आकडे हवे तर घे, मी बनवलेले आहेत. हजारात धर. अडत्याचा भाव ३०, काटोलवाल्याचा २४, शेजाऱ्याचा २०. पहिल्या दिवसानंतर ३०, २२, २५. दुसऱ्या दिवसानंतर ३०, २३.५, २७.५. तिसऱ्यानंतर ३०, २५.५, २८.७५. सगळ्यात मोठ्या नि सगळ्यात लहान भावातलं अंतर १०, मग ८, मग ६.५, मग ४.५. काटोलवाल्याचा भाव पहिल्या दिवशी खाली गेला हे पाहिलंस ना? बिचारा चुकीच्या माणसाचं ऐकत होता, पण तो माणूस बरोबर माणसाचं ऐकत होता.

एक खबरदारी. 'थोडंसं ऐकतो' म्हणताना ते थोडंसं दिवसेंदिवस शून्याकडे घसरू नये. खाली कुठेतरी फरशी हवी. तुझ्या प्रबंधात हे असेल, नसेल तर घाल, परीक्षक तिथंच बोट ठेवतात.

---

भाबडा_नाही

सर, शंका मागे घेतो. आणि माझा मामेभाऊ कळमन्याला अडत्या आहे, त्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणे, भाव माझ्याच आकड्यावर येणार हे सांगायला उझबेकिस्तानातून माणूस कशाला पाहिजे.

---

अर्धवट_प्रबंध

सर!! पान १८१ मिळालं. काळ्या कोपऱ्यातली ओळ टाइप करून तुम्हाला इथल्याच खासगी निरोपात पाठवली आहे. वाचा आणि सांगा, तुम्ही त्या उन्हाळ्यात जे ताडलं होतं तेच आहे का.

रात्री तुमचा बाजार वहीत मांडून बसले. एक बदल करून पाहिला. अडत्यासारखाच आणखी एक, जो फक्त स्वतःचंच ऐकतो, असा घातला. हे दोघं म्हणजे दोन गट, ऐकली जाणारी माणसंही दोनच, समाईक कोणी नाही. दोन दोनपेक्षा जास्त नाही. अट मोडली. बाकी कितीही माणसं घाला, भाव एकावर येतच नाही, मधले सगळे दोघांच्या मधे लोंबकळत राहतात.

चार वर्षं हे मॅट्रिक्स वापरतेय, पण परवापर्यंत लक्षात आलं नव्हतं की हे माझ्या गाइड आणि को-गाइडचं वर्णन आहे.

---

पेन्शनर_धरमपेठ

निरोप वाचला. मी ताडलं होतं ते नव्हतंच. माझं जास्त लांबलचक होतं. त्यांचं एका ओळीत आहे. सौ.ला वाचून दाखवलं, ती म्हणाली आता तरी ती पेटी रिकामी करा.

तुझ्या दोन हट्टी अडत्यांचं असं कर. दोघांना एका टेबलावर तर्री पोहे खायला बसव आणि दोघांपैकी जो जरा मऊ असेल त्याच्याशेजारी तू बस. दुसऱ्याचं सगळं पटायची गरज नाही. एकाने दुसऱ्याचं दहातला एक भाग ऐकलं तरी समाईक माणूस निघतो.